सगळे इले?

फटफटीवर बसला की माणूस पुढे बघतो. आमचे हवालदार आधी मागे बघायचे. मागे बघण्यासारखं काही नसायचं, कारण रांगेतली शेवटची गाडी त्यांचीच. तरी मान वळवून एकदा मोकळा रस्ता बघायचे, मग पुढच्या गाड्या बोटाने मोजायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "सगळे इले?"

इले म्हणजे आले. माणूस मालवणकडचा. पलटणीत पंधरा वर्षं हिंदी बोलून, मुलुंडला येऊन आमच्यात वावरूनही त्यांनी आपली बोली सोडली नाही. आम्ही सगळे एका सुरात "इले!" म्हणून ओरडायचो, मगच पुढे सुभेदारसाहेब किक मारायचे. तो सवाल आल्याशिवाय आमची गाडी हलत नसे.

आम्ही म्हणजे आठ माणसं आणि सात फटफट्या. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या स्वस्तात मिळायच्या, त्या घेतलेले आम्ही माजी फौजी. आठवा मी. मी फौजेत स्टोअरकीपर होतो. बंदुका मोजून दिल्या, मोजून परत घेतल्या, चालवली एकही नाही. फटफटीही मला येत नव्हती. म्हणून मी सुभेदारांच्या मागे बसायचो, मांडीवर पैशांचा डबा घेऊन. वर्गणी मागायला तोंड लागतं आणि ते माझं आहे, असं सगळ्यांचं मत होतं. बायकोचं तर होतंच.

दिवाळी झाली की एका रविवारी आमची फेरी निघायची. मुलुंडहून ठाणे, तिथून घोडबंदरच्या जंगलातल्या रस्त्याने दहिसर आणि मग बोरीवली. वाटेत गावागावात थांबायचं, डबा फिरवायचा. बोरीवलीला एका शाळेच्या मैदानात खेळ करून दाखवायचे, त्याची तिकिटं लावायची. जमलेल्या पैशांतून दरवर्षी एका सैनिकाच्या विधवेला शिलाई मशीन घेऊन द्यायचं. फार मोठं काम नव्हे. पण लढाईतून धडधाकट परत आलो याची आम्हाला जरा लाज वाटायची, आणि या एका दिवशी ती कमी व्हायची. निदान माझी तरी.

खेळांमध्ये लोकांना सर्वांत आवडायची ती हळू गाडी चालवण्याची शर्यत. पाय टेकायचा नाही, गाडी बंद पडू द्यायची नाही, आणि जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. हवालदार दरवर्षी जिंकायचे. बाकीचे धडाधड पाय टेकायचे, आणि हा बाबा मैदानाच्या मध्यावर जवळजवळ उभाच. पोरं ओरडून ओरडून बेजार. सुभेदार दातओठ खायचे. "अहो, हा माणूस शर्यतीत आहे की झोपलाय?"

त्यांच्या गाडीला मागे पेट्रोलचा जादा डबा बांधलेला असायचा. ते दारूबंदीचे दिवस. एकदा दहिसरच्या नाक्यावर एका शिपायाने तो डबा पकडला. झाकण उघडून नाक घातलं, पण माणूस नवशिका, त्याची खात्री पटेना. "चाखून बघतो," म्हणाला. हवालदार शांतपणे म्हणाले, "जरूर घेवा. फक्त वर बिडी ओढू नका." शिपाई आधी रागावला, मग हसत सुटला, आणि शेवटी त्यानेच आमच्या डब्यात चार आणे टाकले.

एवढे मिश्कील होते, पण माणसांत मिसळत नसत. एका कारखान्यावर वॉचमन होते, जवळच एका खोलीत राहायचे. आमच्याकडे आले की दाराच्या अगदी लगत बसत. माझी बायको म्हणायची, "भावजी, आत या हो, कोणी खात नाही तुम्हाला." तरी तिथेच. जेवायलाही सगळ्यांचं झाल्यावर बसायचे. मी एकदा सहज विचारलं, "घरी कोण असतं?" तर म्हणाले, "चूल आसा नि मी आसंय." ते ब्रह्मदेशात असताना गावी त्यांची बायको वारली होती. पत्र पाच महिन्यांनी पोचलं. हे मला त्यांनी नव्हे, सुभेदारांनी सांगितलं.

फौजेत ते फटफटीवर निरोप पोचवायचे आणि ताफ्याच्या शेवटी चालायचे. कोणाची गाडी बंद पडली तर थांबायचं, कोणाला मागे सोडायचं नाही, हे काम. मी त्यांना म्हटलं होतं, "हवालदार, आता लढाई संपली. जरा पुढे या की, आमची धूळ का खाता?" ते म्हणाले, "बाबू, पुढचो पडलो तर मागचे बघतत. मागचो पडलो तर कोण बघतलो? म्हणान थंय माझ्यासारखोच होयो." मी मान डोलावली. तिथे माझ्यासारखाच हवा, म्हणजे कसा, काय कळलं होतं मला, कपाळ!

त्या वर्षी निघायलाच उशीर झाला. शाळेत कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि सुभेदारांना वेळेची भारी धास्ती. म्हणून वाटेत कुठे न थांबता सरळ बोरीवली गाठायचं ठरलं. ठाणं सोडलं, गायमुखाजवळचा चढ आला. चढाच्या पायथ्याला एक मोरी आहे, खालून ओहोळ जातो. सगळे चढाला लागले. हवालदारांच्या गाडीचा आवाज जरा वेगळा होता, दर चार ठोक्यांनंतर एक ठोका गाळायची. चढाच्या माथ्यावर आलो आणि मला तो आवाज ऐकू येईना.

आता नीट ऐका, कारण हे मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. गाडी चालवणाऱ्याला मागे बघणं अवघड. पण मी नुसता मागे बसलेला, डबा धरून. मला मागे बघायला काहीच अडचण नव्हती. आणि मी बघितलं. पार वळून बघितलं. मोरीपर्यंतचा रस्ता मोकळा दिसला. वाटलं, थांबले असतील कुठे, येतील. दुसऱ्यांना आणणारा माणूस, त्याला कोण आणायचं? शिवाय थांबा म्हटलं असतं तर सुभेदारांनी माझी हजेरी घेतली असती. मी परत पुढे तोंड केलं.

बोरीवलीला गावठाणात रोझाबाय राहायच्या. त्यांचा नवरा इटलीत पडला. आमचं पहिलं मशीन त्यांना दिलेलं. तेव्हापासून दरवर्षी गाड्या शाळेपाशी लावून आमचा चहा त्यांच्याकडे. अंगणात बाकड्यावर आठ कप मांडून ठेवलेले असत. त्या दिवशी आम्ही चहा घेतला आणि एक कप उरला. रोझाबाय म्हणाल्या, "ओ, एक कोण राहिला?" कोणीतरी म्हणालं, "हवालदार असतील गाड्यांपाशी." ते नेहमी असायचेच तिथे. आणि उरलेला कप? तो मी प्यायलो. थंडगार होतोय, फुकट कशाला घालवायचा, म्हणून.

मैदानात हळू गाडीची शर्यत झाली. सुभेदार जिंकले. काय तो आनंद! टोपी उडवली, मला मिठी मारली. "शेवटी जमलं की नाही!" हवालदार शर्यतीत नाहीत म्हणून जमलं, हे सात माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांचं जिंकणंसुद्धा असं मागे मागे असायचं, की ते नाहीत हे दिसायलाच तयार नव्हतं. भाषण झालं. हार झाले. दिंडोशीच्या एका तरण्या बाईला मशीन दिलं, ती रडली, आम्हीही डोळे पुसले.

दुपारी परत निघायला गाड्यांवर बसलो. सुभेदार हँडल धरून थांबले. आम्हीही थांबलो. सगळे कशाची तरी वाट बघत होतो आणि कशाची ते कोणाला सुचत नव्हतं. मग सुभेदारांनी सावकाश मान वळवली. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अरे, विचारलं नाही कोणी," ते म्हणाले.

त्या दिवशी गाड्या कशा हाकल्या ते मला विचारू नका. डबा मी कुठे ठेवला तेही आठवत नाही. मोरीच्या अलीकडेच सुभेदारांनी गाडी टाकली आणि आम्ही धावलो. फटफटी उलटी ओहोळात पडली होती. हवालदार मोरीच्या भिंतीला टेकून बसले होते. गुडघा सुजून हा एवढा. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, त्यावर रक्त वाळलेलं. सकाळी साडेआठपासून ते तिथे होते आणि तेव्हा दोन वाजून गेले होते.

आम्हाला बघून त्यांनी एकेकाकडे बोट करून मोजलं. मग विचारलं, "सगळे इले?"

सुभेदार त्यांच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. हवालदारच त्यांना म्हणत होते, "साहेब, मरांदे. शर्यत कोण जिंकलो?"

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जखम चिघळायला लागली आहे, चार-पाच तास आधी आणायला हवं होतं. पाय वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. दवाखान्यात मी रोज जेवणाचा डबा नेऊन द्यायचो. रोज ठरवून जायचो, आज सांगायचं. सांगायचं, की तुमच्या गाडीचा आवाज बंद झालेला मला कळला होता. मी वळून बघितलं होतं आणि गप्प बसलो. रोज रिकामा डबा परत घेऊन यायचो आणि ती गोष्ट तशीच. बायको विचारायची, काय झालंय तुम्हाला? तिच्यावर खेकसायचो. तिचा काय दोष!

शेवटी एका दुपारी त्यांच्या खोलीवर बोललो. ते दाराशी बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, आवाज, वळून बघणं, सुभेदारांची भीती. चहाचंही सांगितलं. चहाचं सांगताना माझा आवाज फाटला.

ते तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "माका म्हायती आसा."

"काय माहीत आहे?"

"तू मागे बघलंस ता. मी ओहोळात पडान होतंय, थंयसून वर बघलंय तर तू माथ्यावर. हात केलंय मी. तुका दिसलो नसतलो, मधी झाडी होती." ते हसले. "पण तू बघलंस. माका बरा वाटला रे. इतक्या वर्सांत कोणी माझ्यासाठी मागे बघूक नव्हता."

मी खाली बसलो.

"मगे एक गवताची गाडी इली," ते सांगत होते, जसं काही दुसऱ्या कोणाचं. "गाडीवान भलो माणूस. म्हणालो, चल, ठाण्याक दवाखान्यात घालतंय. मी म्हटलंय, नको. बाबून बघल्यान हा. आमची माणसां आता येतली. ती येतली नि मी हय नसलंय तर शोधीत बसतली."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वळून बघितलंच नसतं, तर तो माणूस गवताच्या गाडीत बसून गेला असता आणि त्याचा पाय नीट राहिला असता.

त्यांनी माझ्या पाठीवर तेलकट हात ठेवला. "चाय कशी होती?"

"गार," मी म्हटलं. दोघेही हसलो, आणि मग मला काही आवरेना.

लंगड्या वॉचमनला कारखान्याने ठेवलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे राहा. बायकोनेही आग्रह केला, भांडली सुद्धा. ऐकलं नाही. पुतण्या न्यायला आला. गाडी विकायला सांगून गेले, पैसे पुढच्या मशीनमध्ये घाला म्हणाले. मी धक्क्यावर पोचवायला गेलो होतो. मालवणच्या बोटीवर चढताना सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, बायका, पोरं, कोंबड्यांची खुराडी, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत फळीवर चढले. वर गेल्यावर वळले. मी हात केला. त्यांनी मला बोटाने मोजलं, एक, आणि आत गेले.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर पुतण्याचं कार्ड आलं. काका गेले. तापाचं निमित्त. खाली एकच ओळ जास्त होती, शेवटी तुमची सगळ्यांची चौकशी करत होते.

त्या वर्षीही फेरी निघाली. मुलुंडला गाड्यांवर बसलो, किक मारण्याआधी सुभेदार थांबले, मग उगाच घसा साफ करून निघाले. गायमुखाच्या चढावर माथा आला तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा," म्हटलं. उशीर झाला होता. तरी त्यांनी गाडी थांबवली.

मी उतरलो आणि चढ उतरून मोरीपर्यंत चालत गेलो. झाडी बाजूला करून ओहोळात बघितलं. पाणी आटत आलं होतं. एक शेळी चरत होती, तिने वर बघितलं. मी भिंतीजवळ, ते बसले होते तिथे, थोडा वेळ उभा राहिलो. मग परत चढ चढून वर आलो. घाम फुटला होता. सगळे गाड्या बंद करून माझ्यासाठी थांबले होते.

सुभेदारांनी पुढे बघतच हळू आवाजात विचारलं, "सगळे आले?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या मागे बसलो.