खोक्यासाठी पुनावळ्यापर्यंत

कुरुळीच्या भामाकाकू, माझ्या घरमालकीण, नसत्या तर ती कॅप्सूल मी गिळली असती. म्हणून आधी त्यांचं नाव, मग बाकीचं.

मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला, चाकणच्या कंपनीत कामाला. गावी गोचीड (जनावरांचं रक्त पिणारा किडा) चावल्यापासून मला मटण सोसत नाही. खाल्लं की काही तासांनी अंग फुगतं, श्वास अडकतो. डॉक्टरांनी बजावलेलं, जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिनही टाळ. कॅप्सूलचं वेष्टन त्याचं असू शकतं.

हाडं दुखतात म्हणून व्हिटॅमिनच्या चार कॅप्सूल विकत आणल्या. दुकानदाराने पाकीट कापून दिलं. घटक लिहिलेलं खोकं मात्र त्याने आधीच फेकलेलं.

"मग न्हाई खायाची," काकू म्हणाल्या. "गुरुवारी तुला सुट्टी. मी माहेरी चाललेय पुनावळ्याला, भाच्याचं मेडिकल हाय तिथं. चल."

वडापने (वाटेत माणसं घेणारी जीप) भोसरी, पुढे बस. कंटेनरांच्या रांगा मागे पडल्या. बोलण्याच्या नादात आम्ही एक थांबा पुढे उतरलो. परत चालताना काकूंनी एका टॉवरकडे बोट केलं.

"हितं आमची ज्वारी व्हती. आता बाराव्या मजल्यावर कापडं वाळत्यात."

हसल्या, पण पाय जड झाले त्यांचे.

भाच्याने त्याच कॅप्सूलचं खोकं काढलं. मी इंग्रजी अक्षरं लावत गेलो. जिलेटिन.

"राव, खोकं कुणी मागतच नाही," भाचा म्हणाला.

"तू दावतोस व्हय कुणाला?" काकूंनी सुनावलं.

त्याने हिरव्या ठिपक्याची दुसरी गोळी काढली, एकेक घटक वाचला, एकाचा उगम कळेना म्हणून बनवणाऱ्यांना फोन लावला. वनस्पतीचाच निघाला. "तरी डॉक्टरांना खोकं दाखव, मगच घे," म्हणाला.

मग काकूंच्या माहेरी त्यांच्या भावजयीने पिठलं-भाकरी वाढली. काकूंनी तुकडा मोडला. "इकतचं पीठ," एवढंच बोलल्या.

तेवढ्यात आईचा फोन. "काय खायलास रे?"

"भाकरी."

"आपल्यासारखी हाय का?"

आई माझ्यासाठी मटणाचा रस्सा करायची, तो आता सुटला. आमच्या रानातली ज्वारी तेवढी राहिलीय.

परतताना नव्या गोळीचं खोकं वरच्या खिशात होतं आणि काकू खिडकीबाहेर टॉवर मोजत होत्या. एक दिवस त्यांना आमच्या गावी नेणार आहे. ज्वारी हुरड्याला आली की बांधावर बसवीन आणि पहिली ओंजळ त्यांच्या हातात देईन.