माझ्या ओळखीवर खोली

शिक्रापुरात मी आजवर चार खोल्या बदलल्या. प्रत्येक वेळी चहा संपायच्या आत खोली माझी झालेली असे. हे सगळं माझ्या गोड बोलण्यामुळे, अशी माझी पक्की समजूत. बायकोला ती कधीच पटली नाही, पण तिचं मी कुठं ऐकतो!

कंपनीत माझ्याच लाइनवरचे एक सहकारी खोली शोधत होते. माझ्याच दौंड तालुक्यातले, आमच्या राहूपासून चार गावं पलीकडचे. चौघांत एक खोली करून राहायचे. त्यांची बायको माहेरी बाळंत झालेली. तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन रविवारी यायची होती. म्हटलं, "माझ्याबरोबर चला." ते म्हणाले, "नको दादा, मी बघतो." पण मी हौशी माणूस.

पहिली पाळी सुटल्यावर ट्रकांचा धुरळा खात दोघं एका नव्या इमारतीपाशी गेलो. ओट्यावर मालक बसले होते. मी आबा म्हणून हाक मारली.

"कुनाचं तुम्ही?" आबांनी विचारलं.

मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, खुटबावची मावशी काढली. आबांची लेक तिथल्याच भावकीत दिलेली निघाली.

"मंग घरचंच की!" चहा आला. मग आबा सहकाऱ्यांकडे वळले. "आन् तुमचं?"

त्यांनीही गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला.

"खोली हाय वो. पन टाकी फुटलीया. वर पानीच चढत न्हाई. दोनेक महिने तरी जात्याल."

दुसऱ्या दिवशी मी प्लंबर घेऊन हजर! सहकारी वाटेत तीनदा म्हणाले, "राहू द्या दादा." मला वाटलं, संकोची माणूस आहे. आबा काही बोलायच्या आत मी प्लंबरला गच्चीवर पिटाळलं. वरून तो ओरडला, "ओ दादा, कुठली टाकी फुटलीय? भरून वाहतीय की!"

आबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू घरच्याच माणसानं चारचौघांत शोभा केली. बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही या की राह्यला. आत्ता चावी देतो. एवढं बी कळंना व्हय तुमाला?"

आता कळलं. माझ्या गोड बोलण्याला कुणी कधी भुललंच नव्हतं. माझं आडनाव ऐकलं की लोक निर्धास्त व्हायचे. काहीतरी खणखणीत सुनावावं असं फार वाटलं. तोंडातून निघालं, "बरं आबा, येतो." वर नमस्कारही केला. सवय.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कालच कळलं होतं?"

"चहा पितानाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं दादा? ही नववी जागा. रोज कुणाकुणाला समजावू? दमलो. त्यात तुम्ही एवढ्या हौसेनं प्लंबर आणलेला."

मी खोली माझ्या नावावर घ्यायची तोड काढली. ते नुसते हसले. "आन् माझ्या बायकोनं कुणाच्या नावानं राहायचं?"

मग तिथंच, ट्रकांच्या आवाजात, एका कानावर हात ठेवून त्यांनी बायकोला फोन लावला. "रविवारी नको येऊस. अजून महिनाभर आईकडंच राहा."

तिनं कारण विचारलं नसावं. त्यांनी फोन लगेच खिशात ठेवला.