बारावं नाव

संकल्प सांगण्याआधी नानागुरुजी यजमानाला हटकून बजावत, "नाव पूर्ण सांगा. गोत्र विसरलात तर काश्यप लावू, पण नाव विसरायचं नाही." धारच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस देवळात पूजा सांगे, आणि चुकलं की यजमानालाही वर्गातल्यासारखं झापे.

धरमपुरीजवळ नर्मदेत होडी उलटली तेव्हा आमच्या गावचे अकरा जण गेले. बारावा होडीवाला युनूस. चौघांना काठाला लावून तो पाचव्यासाठी परत गेला, तो आलाच नाही.

शोकसभेत सामूहिक प्रार्थना ठरली. यादी मी केली, अकरा नावांची. युनूसचं त्याची माणसं बघतील, असं देवस्थान समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि मी मान डोलावली. त्या मानेची मला आजही चीड येते.

नानांनी यादी वाचली आणि बारावं कुठे म्हणून माइकवरच विचारलं. अध्यक्ष कानाशी लागले की त्याला कुठलं आलंय गोत्र.

"काश्यप," नाना म्हणाले. "ज्याचं माहीत नाही त्याला तेच लावतात, भिया."

तेव्हा मागच्या रांगेतून युनूसची बायको सलमाभाभी उठली. "पंडितजी, उनका जो है, वही रहने दो. आप अपनी पढ़ लो, फिर हमें पढ़ने दो. मेहरबानी नहीं, बारी चाहिए."

"सही कह रही हो, बेटी. गलती मेरी है," नाना म्हणाले आणि माइक तिच्या दिशेने पुढे केला. अध्यक्षांनी मला खूण केली. माइकचा स्विच माझ्यापाशी होता; मी तो बंद केला. होय, मीच.

तिच्या दिराने तशीच, माइकविना फातिहा पढली. नाना खाली उतरून सतरंजीवर बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी देवळात त्यांच्या जागी दुसरे गुरुजी होते. मी कबुली द्यायला घरी गेलो, तर नानांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "प्रार्थना सगळ्यांची म्हणायची आणि माइक आपल्याच हातात ठेवायचा, ही प्रार्थना नव्हे. हा रुबाब."

यंदा नाना गेले. त्यांच्या शोकसभेत त्याच अध्यक्षांनी त्यांना सर्वधर्मसमभावाचा आदर्श ठरवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सलमाभाभी याही वेळी मागच्याच रांगेत होती. शांतिपाठ झाला, अध्यक्ष समारोपाला उठले. मी त्यांच्या पुढ्यातला माइक उचलून भाभीच्या हातात दिला आणि स्विचपाशी जाऊन उभा राहिलो.