वेबखेतमावशीच्या गाठी

फेरो राजाची कबर खोदणाऱ्यांच्या आमच्या वस्तीत मूल जन्मलं की पहिली हाक वेबखेतमावशीला. ती जवसाच्या सुताचा दोरा घेऊन यायची, सात गाठी मारायची, मधोमध निळ्या डोळ्याचा मणी ओवायची आणि बाळाच्या गळ्यात बांधायची. हात चालू, तोंडही चालू. देवांच्या गोष्टी सांगायची त्या अशा, जणू शेजारच्या घरातली भांडणं.

"त्या मेल्या सेतनं पुतण्याचा, होरसचा, डोळा फोडला बघ! सख्खा काका, पण लाज आहे का? मग थोतदेवानं तुकडे गोळा करून डोळा सांधला. म्हणून हा मणी. आणि गाठ इसिसची, होरसच्या आईची. नवरा मारलेला, पोर तान्हं. बिचारी दलदलीत लव्हाळ्यांमागे लपून राहिली, तर तिथं पोराला विंचू चावला."

"तू काय गेली होतीस तिथं बाळंतपणाला?" मी चिडवायची.

"गेले असते तर त्या पोराला विंचू चावू दिला असता होय?"

मग तिची एकुलती एक लेक, मेरूत, बाळंतपणात गेली. पोराचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, म्हणून मेरूतच्या मुलालाही मीच पाजायची.

एकदा पाजताना माझं लक्ष गेलं, पोराचा गळा मोकळा! माझं डोकंच फिरलं.

"मावशी, अख्ख्या वस्तीला गाठी बांधतेस आणि घरचंच पोर उघडं?"

ती खाली बघत म्हणाली, "दोरा कुणाकुणाला अडवतो, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. तापाला अडवतो, विंचवाला अडवतो. आणि मेलेली बाई बाळाचा मुका घ्यायला आली तर तिलाही अडवतो.

"एकदाच येऊ दे गं तिला," मावशी म्हणाली. "मग लगेच बांधते."

"आणि मुका घेता घेता घेऊनच गेली तर?"

"माझी मेरूत असं करील?"

"मेलेल्यांना कळतं का काही! तिला हवंसं वाटेल आणि ती नेईल." बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. मेरूत माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मला काय ती यायला नको होती?

थोड्याच दिवसांत पोर तापलं. दूध ओढेना, मान टाकली. मी त्याला उचलून मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हटलं, "बांध."

ऊन उतरलं होतं. ती उठली. लसूण ठेचून चौकटीला चोळला, मग उंबऱ्याला मध लावायला घेतला. मध आपल्याला गोड, मेलेल्यांना कडू. लावता लावता तिचा हात थांबला.

"मडक्यात बोट घालून चाटायची गं. किती ओरडायचे मी तिला."

पण लावला. दोऱ्याला एकेक गाठ मारत दारात उभी राहिली. मंत्रात येणारीचं नाव घेत नाहीत. मावशीनं घेतलं.

"मेरूत, मुका घ्यायचा नाही. पोर मिळणार नाही तुला. जा बाई, परत जा."

सातवी गाठ आवळली, दोरा पोराच्या गळ्यात बांधला आणि खाली बसून असा हंबरडा फोडला, की सगळी आळी गोळा झाली.

सकाळी ताप उतरला. गाठींनी की माझ्या दुधानं, ते मला विचारू नका.

आमच्याकडे म्हणतात, मेलेली माणसं येतात ती तोंड मागे फिरवून, समोरचं त्यांना दिसत नाही. म्हणून आता रोज दिवेलागणीला मावशी नातवाला कडेवर घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहते आणि बाहेर बघून मोठ्यानं सांगते, "खालचा दात आला हो आज. कान बापाचे, पसरट. हनुवटीवरची खळी मात्र तुझीच. हसला की डोळे अगदी मिटतात."

सांगून झालं की पोराला माझ्याकडे देते, आणि उंबऱ्याला पुन्हा मध लावते.