चार आकडी कुलूप

काटेकोरांच्या पायाला भिंगरी होती. गावोगावचे वजनकाटे तपासायचे, हे त्यांचं काम. गोदामं, गिरण्या, दवाखाने, दागिन्यांची दुकानं, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे हा गृहस्थ कंपनीची प्रमाण वजनं घेऊन जायचा, एकेक वजन काट्यावर ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवून वाकून बघायचा आणि मेळ बसला की एकच शब्द बोलायचा, "बरोबर." आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री राहिलं, जो तो त्यांना काटेकोरच म्हणू लागला.

वजनं पितळेची. त्यांचं ओझं साध्या बॅगेला कुठलं पेलायला? म्हणून त्यांनी तरुणपणीच जाड कातड्याची एक बॅग मुद्दाम शिवून घेतली होती. दुहेरी टाके, पितळी कोपरे, आणि पुढे चार आकडी कुलूप. फलाटावर जागा नसली की तिचं बाकडं व्हायचं, लॉजवर उशी नसली की उशी व्हायची. एकदा बसच्या टपावरून खाली आली तर रस्त्यालाच खड्डा पडला, असं ते सांगत. रस्त्याचं माहीत नाही, बॅगेला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. मूठ घामाने काळी पडली होती आणि तिच्यावर त्यांच्या बोटांचे खळगे उमटले होते.

घरात कुणी त्या बॅगेला हात लावायचा नाही, असा दंडक होता. बोटाचा घाम लागला तरी वजन वजन राहत नाही, म्हणत. कुलपाचा आकडा दर फेरीला बदलायचे आणि बायकोलाही ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. "लग्न माझ्याशी केलंत आणि संसार हिच्याशी," असं ती म्हणायची. ते हसायचे आणि बॅग उचलायचे.

मग एका फेरीत, लॉजच्या जिन्यावर, त्यांचा उजवा हात मुठीवरून सुटला. बॅग पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली आणि तिच्यामागोमाग तेही. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणंही. एकच शब्द तोंडात शिल्लक राहिला होता. भूक लागली तरी "बरोबर", दुखलं तरी "बरोबर", रडू आलं तरी "बरोबर". चेष्टा करायची म्हणजे किती करावी नशिबाने! बायको सुरावरून ओळखू लागली, पण सूर तरी किती अर्थ पोचवणार?

बॅग त्यांच्या पलंगासमोर खुर्चीवर ठेवली होती. ते दिवसभर तिच्याकडे बघत.

पुढे कंपनीचा नवा तपासनीस आला. पोरगा वाईट नव्हता. चपला बाहेर काढल्या, काकांची तब्येत विचारली आणि मग चाचरत म्हणाला, "वजनं न्यायची होती. पुढची फेरी आता माझ्याकडे दिलीय."

काटेकोरांच्या मुलाने बॅग त्यांच्यासमोर धरली. "बाबा, आकडा काय आहे? आईचं जन्मसाल?"

"बरोबर."

चाकं फिरवली. उघडलं नाही.

"मग माझं?"

"बरोबर."

तेही नाही. घराचा नंबर, लग्नाचं साल, जुन्या फोनचे शेवटचे आकडे, सगळ्याला "बरोबर". मुलाने हात टेकले. आईला बाजूला घेऊन, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "त्यांना काही आठवत नाही गं."

काटेकोरांना लख्ख आठवत होतं. चारही आकडे डोळ्यांसमोर होते आणि डावा हात धडधाकट होता. तो त्यांनी पांघरुणाखाली दाबून धरला होता. कुलूप बंद आहे तोवर वजनं आपली, फेरी आपली. एकदा उघडलं की आपण नुसते पलंगावरचे म्हातारे. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाने ही एवढी एक लबाडी केली, आणि खोटं कशाला, त्यांना तिची गंमतही वाटली. पोरगा रिकाम्या हाताने गेला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पण कंपनी काय थांबते? पोरगा परत आला तो किल्लीवाल्याला घेऊनच. किल्लीवाल्याने कुलूप उलटसुलट पाहिलं, तार घातली, कान लावला, आणि मान हलवली. "हे नाही ऐकायचं. आतून पोलादी पट्टी आहे. कातडं कापावं लागेल."

"कापा," मुलगा म्हणाला. नाइलाजाने म्हणाला, पण म्हणाला.

किल्लीवाल्याने वाकडी सुरी काढली. फेरी जाऊ दे, वजनं जाऊ देत, पण बॅग नको! काटेकोरांनी पांघरूण झुगारलं, डावा हात पुढे केला, बोटं हवेत चाकं फिरवल्यासारखी हलवली. द्या इकडे, मी उघडतो, एवढंच सांगायचं होतं.

"बरोबर! बरोबर! बरोबर!"

मुलगा धावला. त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "बाबा, नका हो त्रास करून घेऊ. नवी आणू आपण."

त्यांनी हिसका दिला. बायको दुसऱ्या बाजूने आली, त्यांचं डोकं तिने पोटाशी धरलं. "अहो, शांत व्हा. वस्तूच आहे ती." इतक्या मायेने धरलं होतं दोघांनी की सुटता येईना. सुरी कातड्यातून जाताना करकरली. किल्लीवाल्याला घाम फुटला, म्हणाला, "काय माल आहे हो! असं कातडं आता मिळत नाही." कुलपाभोवती कापत त्याने झाकण मोकळं केलं. कुलूप तसंच बंद राहिलं, झाकणाच्या कातड्याचा एक तुकडा धरून.

पोरग्याने हातमोजे घालून वजनं आपल्या नव्या पेटीत ठेवली. मोजे घातले, एवढं मात्र काटेकोरांनी पाहिलं. मग सगळे गेले. मुलगा त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेला.

बायकोला राहवेना. तिने रिकामी बॅग उचलली, इतकी हलकी ती कधी नव्हती, आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या. आता कोणी नेत नाही."

काटेकोरांनी डावा अंगठा कुलपावर ठेवला. पहिलं चाक फिरवलं. मग दुसरं. तिसऱ्याला अंगठा घसरला, त्यांनी परत आणला. चौथं.

खट्.

कुलूप उघडलं. कातड्याचा कापलेला तुकडा सुटून पांघरुणावर पडला.

बायको बघत राहिली. आधी कुलपाकडे, मग ज्या हाताला मघाशी तिने नि मुलाने मिळून आवरलं होतं त्या हाताकडे.

"अहो," ती कसंबसं म्हणाली, "तुम्ही उघडून देणार होतात?"

"बरोबर," काटेकोर म्हणाले.

जिन्यात मुलाची पावलं वाजली. तिने घाईघाईने चारही चाकं फिरवून टाकली, तो तुकडा ओच्यात लपवला आणि डोळे पुसून दार उघडायला गेली.