राखीची खालची रेघ

राखी गांगुर्डे नाशिकरोडची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, तरी द्राक्ष संशोधन केंद्रात सहा वर्षं तिच्या वाट्याला आलं काय, तर बागांमधून आलेले आकडे संगणकात भरणं! आलेख काढायचे विभागप्रमुख विहंग सरांनी, आणि सरांचा सगळा जीव सरासरीवर.

यंदा मात्र बाई हट्टाला पेटल्या. झाडावर घड वाढले की मणी किती बारीक होतात, हे सरांनी सरासरीच्या एका रेघेत दाखवलं होतं. राखीने एक्सपेक्टाइल पद्धतीने पाच रेघा काढल्या. सरासरीत सगळ्या मण्यांना सारखा मान. इथे खालच्या रेघेत बारीक मण्यांना जास्त वजन द्यायचं, वरच्या रेघेत जाड मण्यांना. मग घड वाढवल्याचा फटका कोणाला किती बसतो, ते वेगवेगळं दिसतं.

पण पडद्यावर पाचही रेघा एकमेकींना चिकटूनच आल्या.

"बघा," सर म्हणाले, "पाच काढा नाहीतर पन्नास. पंधरा दिवसांनी निफाडला बागायतदारांचा मेळावा आहे, तिथे माझाच आलेख लावू."

राखीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागाहून शंका मोठी होती. सगळे मणी सारखे असलेली बाग तिने जन्मात पाहिली नव्हती. मग बारीक मणी गेले कुठे?

ते शोधायला ती सायखेड्याला कोंडाजींच्या बागेत स्वतः गेली. नमुन्याला घड हवा म्हणताच म्हाताऱ्याने दहा झाडं न्याहाळली आणि सगळ्यात देखणा घड कापून तिच्या हातात ठेवला. राखीला हसू आवरेना. दारी आलेल्या माणसाला डावा घड कोण देईल? आकडे देणाऱ्या चौदाही बागांनी केंद्राचा असाच पाहुणचार केला होता, आणि केंद्रातल्या शहाण्यांनी तो मुकाट्याने मोजला होता. त्यात तीही आलीच.

"काका, दर दहाव्या झाडाचा घड द्या. हाताला येईल तो. बारीक असला तरी."

"आन् लोकं काय म्हंतील? कोंडाजीनं पोरीला असला माल देला?"

"आज मी पाहुणी नाही. कामाला आलेय."

कोंडाजी कुरकुरले, पण घड कापत गेले. दहा दिवसांत चौदा बागा झाल्या. राखीचा चेहरा उन्हाने रापला, पण नवे आकडे भरून तिने आलेख काढला आणि रेघा पंख्यासारख्या उघडल्या. वरची जवळजवळ सपाट. खालची मात्र झाडामागे पस्तीस घडांनंतर धाडकन कोसळलेली. राखी खुर्चीतून उठून अक्षरशः नाचली. मेळाव्यासाठी ठेवलेला आपला आलेख सरांनी स्वतःच काढून टाकला.

मेळाव्यात राखीने पाच रेघा समजावून सांगितल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "एवढी खाली कोणाची बाग जाती वो?"

सभागृहात खसखस पिकली. कोणाचं नाव राखी कशी घेणार?

कोंडाजी उभे राहिले. "माझी जाती. बांधाकडल्या चार वळी. पंचेचाळीस घड ठेवतो मी, आन् दाखवतो फक्त रस्त्याकडचे. फुडल्या साली पस्तीसच ठेवीन. तुमच्यातल्या कोणाची खालची रेघ नसंल, त्यानं खुशाल हसावं."

कोणी हसलं नाही. मग एकेक हात वर होऊ लागला, आणि प्रत्येकाला एकच विचारायचं होतं: ताई, आमच्या बागेत कधी येता?