पाणबुडीनाना

पाणबुडीनाना कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यावर थांबून हवा हुंगायचे. मग आत पाऊल. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारा आपल्या स्वयंपाकाची परीक्षा घेतोय, एकदोघी रुसल्याही. नानांचं उत्तर ठरलेलं. "आधी हवा बघावी, मंग शिरावं. आत गेल्यावर कळून उपयोग न्हाय." ही पाणबुडीतली सवय आहे हे आमच्या वळ गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिला माफी होती.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तरुणपणी मुंबईच्या गोदीत होते, नंतर धामणकर नाक्यावरच्या एका रंगाच्या दुकानात बसायचे. बोलायला भलतेच कंजूस. पाणबुडीबद्दल खोदून विचारलं तर म्हणायचे, आत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला पोट आत घ्यावं लागतं. तेवढ्यावरच गावाने बाकीचं सगळं रचलं. शाळेत नवे हेडमास्तर आले, त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायला नानांना बोलावलं. लाउडस्पीकरवर 'माजी नौसैनिक' असं नाव पुकारलं गेलं.

नानांनी ठरवलं होतं, झेंडा झाला की हेडमास्तरांना बाजूला घेऊन खरं सांगायचं. पण झेंड्यानंतर हार आला, हारानंतर फोटो, फोटोनंतर चहा, आणि सांगायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी आमंत्रण आपोआप आलं. असं बारा वर्षं चाललं.

हे मला कळलं ते देवळाच्या मंडळाने जगन्नाथपुरीची यात्रा काढली तेव्हा. तिकिटांसाठी नानांचं आधार कार्ड हवं होतं, म्हणून मी त्यांची ट्रंक उघडली. कार्डाखाली गोदीचा जुना पास होता. तरुण नानांचा फोटो आणि खाली लिहिलेलं : कंत्राटी कामगार, रंगारी. मी मान वर केली तर नाना दारात उभे. त्यांनीच मग सारं सांगितलं. पाणबुडी दुरुस्तीला आली की तिच्या टाक्यांत उतरून गंज खरवडायचा आणि रंग मारायचा, हे त्यांचं काम. पाण्याखाली ते एकदाही गेले नव्हते. मी म्हणाले, राहू द्या, मी कुणाला सांगत नाही. मला वाटलं, विषय मिटला.

पुरीहून परतताना मंडळी विशाखापट्टणमला थांबणार होती, हे मी विसरलेच होते. तिथे किनाऱ्यावर जुनी पाणबुडी लोकांना बघायला ठेवली आहे. आमच्या माजी सरपंचांनी गाडीतच जाहीर केलं की आपल्याला गाइड नको, नाना आहेत. अख्खा डबा खूश. नानांनी दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही. मी हळूच सुचवलं की ताप आल्याचं सांगून खोलीवर थांबा. ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

पाणबुडीच्या दारात नाना थांबले आणि त्यांनी हवा हुंगली. आत माहिती द्यायला ठेवलेला माणूस पांढऱ्या शर्टातला, ताठ पाठीचा, स्वतः निवृत्त पाणबुडीवाला निघाला. आत नळ्याच नळ्या, डोक्याला लागणारं छत, आणि एका वेळी एकच माणूस वाकून जाईल असा गोल दरवाजा. आम्ही वीसेक जण दाटीवाटीने उभे होतो. मागे फिरायलाही जागा नव्हती. सरपंच पुढे सरसावले आणि छाती काढून म्हणाले, "साहब, हमारे नाना भी सबमरीन में थे."

त्या माणसाचा चेहरा उजळला. "अच्छा? कौन सी बोट पे?"

सगळे नानांकडे बघू लागले. नानांच्या कपाळावर घाम होता. मला राहवलं नाही. त्यांना कमी ऐकू येतं, चक्कर येते, बाहेर नेते, असं काहीबाही बोलत मी त्यांचा दंड धरला. नानांनी माझा हात सोडवला.

"मैं नेवी में नहीं था साहब," ते म्हणाले. "ठेकेदार का रंगवाला था. ये नीचे टंकी हाय ना, उसमें उतरता था."

पांढऱ्या शर्टातल्या माणसाने पायाखालच्या पत्र्याकडे पाहिलं, मग नानांकडे. आपण इतकी वर्षं पाणबुडीवर काढली पण त्या टाकीत कधी उतरलो नाही, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "डर नहीं लगता था?"

"रोज लगता था. बाहर एक आदमी रस्सी पकड के खड़ा रैता था, उसके भरोसे उतरता था."

सरपंच पुढचं काही न बघताच बाहेर पडले. परतीच्या गाडीत चहाचे कप हातोहात फिरले, नानांपर्यंत एकही आला नाही. मी रागाने स्वतःचा कप त्यांच्यासमोर ठेवला, तर त्यांनी तो शांतपणे पिऊन टाकला आणि घोरायला लागले. इतकी गाढ झोप लागलेले नाना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या सव्वीस जानेवारीला आमंत्रण आलं नाही. झेंडा त्याच माजी सरपंचांनी फडकवला. माझा तिळपापड झाला होता. शाळेत जायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण नाना इस्त्रीचा सदरा घालून दारात हजर, म्हणाले चल. आम्ही पोरांच्या मागे, कुंपणाला लागून उभे राहिलो. दोनचार जणांनी वळून पाहिलं आणि कुजबुज केली. नानांचं तिकडे लक्षच नव्हतं.

पुढे चारच महिन्यांत ते गेले. छाती आधीपासूनच खराब होती, रंगाच्या वाफांनी. त्यांची आठवण काढताना मला अजून स्वतःची लाज वाटते, कारण पाणबुडीत त्या दिवशी मी त्यांना खोट्यातच ठेवू बघत होते आणि त्याला माया समजत होते. त्या सव्वीस जानेवारीला शाळेतून परतताना मी विचारलं होतं, वाईट नाही का वाटलं? नाना चालता चालता थांबले.

"बारा वर्षं दोरी मीच वढली, बाय. पण मान वर करून झेंडा कधी बघितला न्हाय. आज बघितला."